मेंदूच्या एमआरआयची धास्ती: चिठ्ठी हातात पडल्यापासून अहवाल वाचेपर्यंत

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'एमआरआय ब्रेन' असे लिहून दिले त्या रात्रीपासून माझी आई खोलीचे दार उघडे ठेवून झोपू लागली. तिला तीन महिन्यांपासून चक्कर येत होती, उजव्या कानात सतत गुणगुण ऐकू येत होती आणि तपासणी करायला हवी हे तिला पटलेही होते. तरी पहिल्या खेपेला ती त्या यंत्रात जेमतेम चार मिनिटे राहू शकली. हातातला रबरी फुगा दाबून ती बाहेर आली तेव्हा तिचे हात गार पडले होते आणि "मी सगळ्यांचा वेळ घालवला" असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अकरा दिवसांनी त्याच केंद्रात, त्याच यंत्रात ती पस्तीस मिनिटे पडून राहिली. मधल्या अकरा दिवसांत आम्ही काय केले, आणि पुढे माझ्या स्वतःच्या तपासणीच्या वेळी त्यातले काय उपयोगी पडले, ते इथे क्रमाने मांडत आहे.

त्याआधी एक इशारा. अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी काही क्षणांत सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तिथे सरावाला सवड नसते आणि बहुतेक वेळा आधी सीटी स्कॅन होतो, जो काही मिनिटांत संपतो. पुढचे सारे विवेचन, ज्यांच्या हाताशी काही दिवस आहेत त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: भीती नेमकी कशाची, ते लिहून काढावे

एमआरआयची भीती ही बहुधा दोन वेगळ्या भीतींची गुंतवळ असते. एक यंत्राची: बंद जागा, आवाज, हालचालीची मनाई, सुई. दुसरी अहवालाची: त्यात काय निघेल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करायला हव्यात. कागदाच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे यंत्राविषयी आणि उजवीकडे अहवालाविषयी जे मनात येईल ते लिहावे. ते शहाणपणाचे वाटते की वेडेपणाचे, याचा विचार करू नये.

आईच्या डाव्या रकान्यातले पहिले वाक्य होते, "मध्येच वीज गेली तर मी आत अडकेन." ज्यांनी भारनियमनाची वर्षे काढली आहेत त्यांना ही भीती मुळीच हास्यास्पद वाटणार नाही, आणि तिचे उत्तरही सरळ आहे: ज्या फळीवर आपण झोपतो ती वीज नसतानाही हाताने ओढून बाहेर काढता येते, आणि तो बोगदा डोक्याकडून व पायांकडून, दोन्ही बाजूंनी उघडा असतो. उजवा रकाना तिने कोराच ठेवला होता. माझ्या मोठ्या मामाला बऱ्याच वर्षांपूर्वी मेंदूत गाठ निघाली होती, आणि त्या यंत्राच्या भीतीमागे खरे तर मामा उभा होता, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळले. रकाना कोरा राहिला तर तोही काही सांगत असतो. जवळच्या माणसाने त्याविषयी हळुवारपणे, एकांतात विचारावे.

दुसरी पायरी: यंत्र कसे चालते ते समजून घ्यावे

आपल्या शरीरात पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू आहेत. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात या अणूंच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी क्षणभर हलवले की ती पूर्वस्थितीला येताना क्षीण संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवरून संगणक मेंदूची चित्रे तयार करतो. यात क्ष-किरण नाहीत. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये असतात, आणि तिथेही डोक्याच्या एका साध्या तपासणीत मिळणारी किरणांची मात्रा सुमारे २ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक), म्हणजे निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी जितकी मिळते (सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट) त्याहून थोडी कमीच असते. "मेंदूत किरणे सोडतात" या समजुतीने जे घाबरतात त्यांना एवढा खुलासा पुरतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांतील चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. टेस्ला हे चुंबकीय ताकद मोजण्याचे एकक, आणि १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. बोगद्याचा व्यास जुन्या यंत्रांत ६० सेंटिमीटर आणि नव्या, रुंद तोंडाच्या यंत्रांत ७० सेंटिमीटर असतो. हे दहा सेंटिमीटर कागदावर किरकोळ दिसतात. आत झोपलेल्या माणसाला ते किरकोळ वाटत नाहीत. आत दिवा असतो आणि हवा खेळती असते. मेंदूच्या तपासणीत डोके आणि छाती आत जाते, पाय बहुधा बाहेर राहतात.

डोक्याभोवती हेल्मेटसारखा पिंजरा लावतात, त्याला कॉइल म्हणतात. अनेकांची घुसमट बोगद्यामुळे नव्हे, तर हा पिंजरा चेहऱ्यावर येतो त्या क्षणी सुरू होते. तो डोळ्यांसमोर उघडा असतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर तिरका आरसा बसवता येतो, ज्यातून आपली पावले आणि पलीकडची काच दिसते.

आवाजाचे कारण कळले की त्याचा धाक बराच उतरतो. बोगद्याच्या भिंतीत तारांची वेटोळी असतात. त्यांतील वीजप्रवाह सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद होतो आणि मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात त्या वेटोळ्यांना प्रत्येक वेळी धक्का बसतो. ध्वनिवर्धकाचा पडदा थरथरतो तशी ती थरथरतात. हा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन देतात, आणि ते दोन्ही नीट बसले आहेत याची खात्री करून घेणे हा आपला हक्क आहे. ठोकल्यासारखा, भोंगा वाजल्यासारखा, खडखडणारा, असा आवाज दर काही मिनिटांनी बदलतो, कारण प्रत्येक प्रकारच्या चित्रासाठी वेटोळी वेगळ्या लयीत चालतात. आवाज बदलला म्हणजे काही बिघडले असे नाही. एक चित्रमालिका संपून दुसरी सुरू झाली. मध्ये शांतता पसरली तरी मागून बारीक चुकचुक चालूच असते. ती चुंबक गार ठेवणाऱ्या यंत्रणेची, कारण त्याच्या तारा द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियस तापमानाला ठेवलेल्या असतात.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांच्या मनात आणखी एक घटना असते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर नेला गेला, चुंबकाने तो खेचला आणि सिलिंडर धरून असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. चुंबक चोवीस तास चालू असतो. तपासणी चाललेली नसली तरी त्याची ओढ तशीच असते. म्हणून तपासणीपूर्वीचा अर्ज आणि धातू काढून ठेवण्याची सूचना हा सोपस्कार नव्हे. कर्मचाऱ्यांनी घाई केली तरी आपण करू नये, आणि सोबतच्या माणसानेही तेच नियम पाळावेत.

तिसरी पायरी: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

पहिल्या खेपेला आम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "काही गंभीर तर नाही ना?" तपासणीपूर्वी या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. त्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात. तुम्ही या तपासणीत नेमके काय शोधत आहात आणि काय नसल्याची खात्री करून घेत आहात? किती दिवसांत करून घेतली पाहिजे? सीटी स्कॅनने काम भागेल का? (मार लागून झालेला रक्तस्राव पाहायचा असेल तर पुष्कळदा भागते, मेंदूचा मागचा खालचा भाग, नसा किंवा बारीक बदल पाहायचे असतील तर बहुधा भागत नाही.) डाय (चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन करायची आहे की साधी? आणि शेवटचा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: अहवाल आला की तो आम्हाला कोण आणि कधी समजावून सांगेल?

त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन, तपासणीची वेळ ठरवतानाच डॉक्टरांच्या पुढच्या भेटीचीही वेळ ठरवून टाकावी. शक्य तर अहवाल मिळण्याच्या दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची. अहवाल हाती आणि डॉक्टर आठ दिवसांनी, अशा अवस्थेत गेलेल्या रात्री यंत्रातल्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी लांब असतात.

चौथी पायरी: केंद्राला फोन

फोनवर किंवा प्रत्यक्ष जाऊन स्पष्ट शब्दांत सांगावे की रुग्णाला बंद जागेची भीती वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही. जर्मनीत ५५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन टक्के लोकांना एमआरआयमध्ये अशी घुसमट झाल्याचे दिसले, म्हणजे वर्दळीच्या केंद्रातील तंत्रज्ञ असे रुग्ण नेहमीच पाहत असतो. बोगदा ६० सेंटिमीटरचा की ७० चा, आरसा आहे का, हेडफोनवर आपल्या आवडीचे काही लावता येईल का, सोबतच्या एका माणसाला खोलीत बसू देतात का, आणि एकूण किती वेळ लागेल, हे विचारून घ्यावे. मेंदूची साधी तपासणी बहुधा वीस ते चाळीस मिनिटांत होते. डाय असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे. यंत्र दुरून एकदा पाहू देण्याची विनंती करावी. आम्हाला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटे दाराशी उभे राहू दिले, आणि आई म्हणाली, "एवढे लांब नाहीच आहे ते." पहिल्या खेपेला तिने भीतीने डोळे गच्च मिटून घेतले होते, त्यामुळे ते यंत्र तिने मुळात पाहिलेच नव्हते.

वेळ शक्यतो सकाळची पहिली घ्यावी, कारण दिवस चढतो तशा तातडीच्या तपासण्या मध्ये घुसतात आणि ताटकळण्यात धीर संपतो. बाजूंनी उघडे असलेले एमआरआय काही शहरांत मिळते, पण त्याचा चुंबक बहुधा कमी ताकदीचा असतो आणि चित्रे तितकी स्पष्ट येत नाहीत. ते चालेल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. पैसे भरल्यावर "पुन्हा करून आणा" असे ऐकावे लागू नये.

पाचवी पायरी: घरचा सराव

सगळ्यांत जास्त उपयोग याचा झाला आणि सगळ्यांत जास्त आळसही याचाच येतो. भीती वाटणाऱ्या गोष्टीच्या थोडे थोडे जवळ जायचे, भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे आणि मग बाहेर यायचे, हे मानसोपचारातील जुने, कसाला उतरलेले तत्त्व आहे. घरी ते असे राबवता येते.

पहिल्या दिवशी सतरंजीवर उताणे पडून डोक्याखाली पातळ उशी घ्यावी, हात अंगाशी सरळ ठेवावेत, पाय एकमेकांवर टाकू नयेत, आणि पाच मिनिटे डोके न हलवता राहावे. नाकाला खाज सुटेल, सुटू द्यावी. ती वाढते, शिगेला पोहोचते आणि आपोआप जाते, हे एकदा अनुभवले की यंत्रात तिचा बाऊ होत नाही. दुसऱ्या दिवशी हेच जेवणाच्या टेबलाखाली करावे. तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर कपड्यांची जाळीदार प्लास्टिकची टोपली पालथी घालावी. आमच्या घरी धुण्याच्या निळ्या टोपलीने कॉइलचे काम केले आणि सहा वर्षांच्या भाचीने "आजी कोंबडीसारखी झाकली" म्हणून तिच्याशेजारी आपलीही टोपली मांडली, तेव्हा आई पहिल्यांदा त्या टोपलीखाली हसली. चौथ्या दिवसापासून मोबाइलवर एमआरआयच्या आवाजाची ध्वनिफीत लावावी, आधी हळू, मग मोठ्याने. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत टेबलाखाली, टोपलीखाली, आवाजासह वीस-पंचवीस मिनिटे जमली पाहिजेत. सोबतीला कोणीतरी असावे, आणि "थांबव" म्हटले की टोपली लगेच उचलायची, हा करार मोडू नये.

या सरावाचा एक नियम कटाक्षाने पाळावा: भीती शिगेला असताना बाहेर यायचे नाही. त्या क्षणी बाहेर आले तर मन एवढेच शिकते की पळालो म्हणून वाचलो. एक-दोन मिनिटे थांबून, धडधड जराशी उतरल्यावर बाहेर यावे. अजिबात सहन होत नसेल तर टप्पा मोठा घेतला गेला असे समजून दुसऱ्या दिवशी लहान घ्यावा.

श्वासाविषयी बरेच चुकीचे सांगितले जाते. घाबरलेल्या माणसाला "मोठमोठे श्वास घे" म्हटले की तो धापा टाकतो, मग बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि त्यालाच तो झटका समजतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा; विशेषतः सोडताना. मनात चार आकडे मोजत नाकाने घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा; पोट वर-खाली व्हावे, खांदे आणि मान स्थिर राहावी.

मनाला काम देण्यासाठी ज्याला जे तोंडपाठ असेल ते घ्यावे. कोणी स्तोत्र म्हणेल, कोणी जप करेल, कोणी पाढे. माझ्या तपासणीच्या वेळी मी मनातल्या मनात दादरहून लोकल पकडली होती: माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे. प्रत्येक स्थानकावर उतरून फलाटावर काय दिसते ते आठवायचे आणि मगच पुढची गाडी. कल्याणला पोहोचण्याआधी माझी तपासणी संपली. आईने माहेरच्या एसटी थांब्यापासून घरापर्यंतची वाट निवडली होती, त्यात वाटेतल्या विहिरीचे रहाटही होते. मजकूर कोणताही चालेल, पण तो आधी सरावात वापरलेला असावा. आयत्या वेळी काही सुचत नाही.

गोळी घ्यावी का

एवढे करूनही जमणार नाही असे वाटत असेल तर डॉक्टर तपासणीपूर्वी घेण्यासाठी शांत करणारी गोळी लिहून देऊ शकतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती त्यांनीच लिहून दिलेली असावी. शेजारणीच्या डब्यातली झोपेची गोळी अर्धी तोडून घेणे धोक्याचे आहे, विशेषतः वयस्कर माणसांना, दम्याच्या किंवा घोरताना श्वास अडकणाऱ्या रुग्णांना आणि मद्य घेणाऱ्यांना. गोळी घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवू नये, सोबत माणूस हवाच, आणि गोळी घेतल्याचे तंत्रज्ञाला सांगावे. लहान मुलांसाठी आणि काही प्रौढांसाठी भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली भूल देऊनही तपासणी होते. त्यासाठी साधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य असते. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्याच धराव्यात.

तपासणीच्या दिवशी

साध्या एमआरआयला उपाशी राहावे लागत नाही. डाय असेल तर केंद्राची सूचना विचारावी. रक्तदाबाच्या आणि इतर रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितले नसेल तर नेहमीप्रमाणे घ्याव्यात. चहा-कॉफी एकच कप, आणि आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. हे शेवटचे क्षुल्लक वाटेल, पण आईची पहिली खेप फसण्यामागे याचाही वाटा होता.

धातूची तयारी घरीच करून निघावे, म्हणजे तिथल्या घाईत धांदल होत नाही. बांगड्या, जोडवी, नथ-चमकी, कानातले, करदोटा, हाता-गळ्यातला ताईत, केसांतल्या पिना आणि चाप, साडीच्या व ब्लाउजच्या आतल्या सेफ्टी पिना, हुक असलेले अंतर्वस्त्र, दातांची काढता येणारी कवळी, श्रवणयंत्र, चष्मा, खिशातले सुटे पैसे, किल्ल्या, कार्ड, मोबाइल. जरीच्या काठाची साडी नको, कारण जर म्हणजे धातूच. काजळ, सुरमा आणि डोळ्यांचा मेकअप पुसून जावे. त्यांतील काही रंगद्रव्यांत लोह असते. दंडावर साखर मोजणारा सेन्सर किंवा औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर तेही सांगावे.

मंगळसूत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आईच्या डोळ्यांत पाणी आले ते त्या क्षणी. लग्नानंतर तिने ते कधी काढले नव्हते, आणि एका अनोळखी मुलीने काउंटरवर "ते काढून ठेवा" असे ओरडून सांगितल्यावर ती आधीच खचून आत गेली. दुसऱ्या खेपेला मावशीने घरीच, देवापुढे, हळदीने पिवळ्या केलेल्या सुती दोऱ्यात हळकुंड ओवून तिच्या गळ्यात बांधले आणि मग मंगळसूत्र काढून डबीत ठेवले. दोरा आणि हळकुंड, दोन्हींत धातू नाही. तंत्रज्ञाने पाहिले आणि होकार दिला. यंत्राच्या भीतीशी याचा संबंध नाही असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. तिला तिथे आपल्या मनाविरुद्ध उघडे पाडले जात आहे, ही भावना त्या दिवशी नव्हती.

अर्ज स्वतः वाचून भरावा. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर रोपण (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र), मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, हृदयातला स्टेंट, हाडातला रॉड वा प्लेट, कृत्रिम सांधा, गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार, आणि वेल्डिंग किंवा खरादीच्या कामात कधीकाळी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यांपैकी काहीही असेल तर लिहावे. बरेच स्टेंट आणि कृत्रिम सांधे चालतात, काही पेसमेकरही विशेष व्यवस्थेत चालतात, पण ते ठरवायला शस्त्रक्रियेचे कागद लागतात. ते फाइलमध्ये घेऊन जावे.

आत

फळीवर झोपण्यापूर्वी तंत्रज्ञाला तीन गोष्टी सांगाव्यात: मला बंद जागेची भीती वाटते; प्रत्येक चित्रमालिकेपूर्वी ती किती मिनिटांची आहे ते सांगा; आणि मध्ये मध्ये माझ्याशी बोला. आतून बोललेले त्यांना ऐकू जाते आणि हातात दिलेला फुगा दाबला की बाहेर घंटी वाजते. तो फुगा एकदा दाबून पाहावा. आपण दाबले आणि कोणी आले, हे स्वतः अनुभवणे फार महत्त्वाचे आहे.

डोळ्यांवर घडी केलेला सुती रुमाल फळी आत सरकण्यापूर्वी ठेवून घ्यावा, सरकल्यानंतर नव्हे. ज्यांना अंधाराने अधिक भीती वाटते त्यांनी आरसा लावून घेऊन पावलांकडे पाहावे. सरावातच यांपैकी काय मानवते ते ठरवलेले असावे. गुडघ्यांखाली उशी आणि अंगावर पांघरूण मागावे; खोली बरीच थंड असते. हातांची बोटे एकमेकांत गुंफू नयेत, कारण त्वचेला त्वचा टेकून वेटोळे तयार झाले तर त्यातून प्रवाह वाहून भाजण्याचा धोका असतो. तपासणी चालू असताना अंग किंचित कोमट वाटणे, फळी थरथरणे हे नेहमीचे आहे. कुठे चटका बसतोय असे वाटले तर मात्र लगेच फुगा दाबावा.

पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांत कठीण. त्यांतच छाती भरून येते, "आता नाही जमणार" असे वाटते. शरीर एवढ्या जोराने फार वेळ घाबरू शकत नाही. लाट चढते तशी उतरते. पूर्ण तपासणी डोळ्यांपुढे न आणता चालू आवाज संपेपर्यंतचाच विचार करावा. प्रत्येक मालिका बहुधा दोन ते सहा मिनिटांची असते. गिळायचे, खोकायचे, खोल श्वास घ्यायचा तो दोन मालिकांच्या मधल्या शांततेत. एखादी मालिका पुन्हा घ्यावी लागली तर बहुतेक वेळा कारण डोके हलले हेच असते.

डाय द्यायचा असेल तर हाताच्या शिरेत आधीच सुई लावून ठेवतात. हे औषध गॅडोलिनियम या मूलद्रव्याचे असते. ते जाताना हातात थंडावा जाणवतो, क्वचित तोंडाला वेगळी चव येते किंवा मळमळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांची क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारी रक्ताची) तपासणी आधी पाहतात. पूर्वी कोणत्याही डायची ॲलर्जी आली असेल तर सांगायचे विसरू नये.

आणि तरीही बाहेर यावे लागले, तर यावे. घेतलेली चित्रे वाया जातीलच असे नाही. कधी कधी तेवढ्यावरही डॉक्टरांना हवे ते कळते. पाच मिनिटे बसून, पाणी पिऊन पुन्हा प्रयत्न करता येईल का, हे विचारावे. त्याच दिवशी नाही जमले तर नवी तारीख घ्यावी.

अहवालाची वाट पाहताना

आता उजवा रकाना. तपासणी संपली की माणूस तंत्रज्ञाचा चेहरा वाचू लागतो. तो गप्प होता, त्याने दुसऱ्याला बोलावून पडदा दाखवला, त्याने "काळजी घ्या" असे का म्हटले? तंत्रज्ञाला निदान सांगण्याचा अधिकार नसतो, म्हणून तो सगळ्यांशीच बेताने बोलतो. आयत्या वेळी डाय द्यायचे ठरले तरी त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की रेडिओलॉजिस्टला, म्हणजे चित्रे वाचून अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरला, एखादी जागा अधिक स्पष्ट पाहायची आहे.

अहवालाचे पाकीट रिक्षात उघडू नये, आणि एकट्याने तर नाहीच. त्यातली भाषा एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेली असते आणि तिचे बरेच शब्द सामान्य माणसाला उलटा अर्थ देतात. 'अनरिमार्केबल' म्हणजे नोंद घेण्यासारखे काही नाही, अर्थात चांगले. 'हायपरइंटेन्स' म्हणजे तीव्र आजार नव्हे. चित्रात तेवढा भाग अधिक पांढरा दिसतो, इतकेच. 'नॉनस्पेसिफिक' म्हणजे ज्यावरून एक ठराविक निदान करता येत नाही असे. 'एज-रिलेटेड ॲट्रॉफी' म्हणजे वयानुसार मेंदू थोडा आकसणे. 'म्युकोसल थिकनिंग' बहुधा नाकाजवळच्या पोकळ्यांमध्ये, सर्दीच्या खुणा. 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवले आहे म्हणजे रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून पाहावे, कारण चित्र एकटे पुरेसे नसते.

शोधत नव्हतो असे काही निघणे हेही नवलाचे नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे पंचेचाळीशीच्या पुढच्या २,००० सर्वसामान्य नागरिकांच्या मेंदूचे एमआरआय केले, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ७.२ टक्के लोकांत कळूनही न आलेल्या जुन्या, छोट्या पक्षाघाताच्या खुणा, १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीला फुगवटा आणि १.६ टक्के लोकांत कर्करोग नसलेल्या गाठी आढळल्या. ही माणसे आपली रोजची कामे करीत होती. असे काही निघाले तर त्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणत नाही. त्याचे काय करायचे हे डॉक्टरांसमोर बसून ठरवता येते, आणि पुष्कळदा ठरते ते ठराविक काळाने पुन्हा पाहायचे एवढेच.

आईच्या अहवालात पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ होती. डॉक्टरांनी चित्र उजेडात धरून ते ठिपके तिला स्वतःला दाखवले, वाढलेल्या रक्तदाबामुळे आणि वयामुळे असे दिसते हे सांगितले आणि गोळी बदलली. चक्करेचे मूळ आतल्या कानात निघाले. ती फक्त एवढेच म्हणाली, "म्हणजे दादासारखे नाही." तो प्रश्न तिने दोन आठवडे कोणालाही विचारला नव्हता.

घरच्यांनी काय करावे

"काही होत नाही गं, उगाच घाबरतेस" हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्याने घाबरलेला माणूस बोलायचा थांबतो. "कशाची जास्त भीती वाटते?" असे विचारून उत्तर ऐकावे. आपल्याकडे अहवाल आधी मुलाच्या हाती देण्याची आणि "आईला सांगू नका" अशी खूण करण्याची रीत आहे. माझे मत याच्या विरुद्ध आहे. जिच्या मेंदूचे चित्र आहे तिला ते किती आणि कोणाकडून ऐकायचे आहे, हे तपासणीपूर्वीच तिला विचारावे आणि तिने सांगितले तसेच वागावे. खोलीतली कुजबुज रुग्णाला ऐकू येते, आणि तिच्यातून तो जे तर्क बांधतो ते बहुतेक वेळा सत्यापेक्षा भयंकर असतात.

बंद जागेची भीती लिफ्टमध्ये, गर्दीच्या डब्यात, रोजच्या जगण्यातही आड येत असेल, किंवा अहवाल चांगला येऊनही पुन्हा पुन्हा तपासणी करून घ्यावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलते.

काहींना सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासणी करावी लागते. तेव्हा सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागू नये म्हणून बाहेर आल्यावर त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, काय उपयोगी पडले ते लिहून फाइलमध्ये ठेवावे. आईच्या फाइलमध्ये केंद्राच्या पावतीमागे तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "सकाळी ८ ची वेळ. आधी लघवी. हळकुंड घरीच बांधणे. रुमाल आत जाण्यापूर्वी. विहिरीपर्यंत गेले की अर्धे झाले."